बारा सक बाहत्तर

रकाना क्रमांक सात : कमाल पूरपातळी, मीटरमध्ये.
कर्सर लुकलुकत राहिला.
मी ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक,
चार महिन्यांचं मानधन थकलेला,
सालईटोलीचा पूर टाइप करायला बसलो होतो.

सही सुगरताबाई सरपंच झाल्यावर शिकल्या,
भांडायला आधीपासून येत होतं.
"मीटर-फिटर मले नाही समजत," त्या म्हणाल्या,
"शाळेची भित पाहून ये."

शाळेच्या भिंतीवर पाढे,
निळ्या ऑइलपेंटात, दोन ते बारा.
कन्हान त्या रात्री खालून वाचत वर आली :
वीसाशे, अठ्ठोदरसे, शहाण्णव, चौऱ्याऐंशी,
आणि बारा सक बाहत्तरवर थांबली.
तिथे चिखलाची रेघ.
गुरुजींच्या पट्टीनेही ओढता येऊ नये इतकी सरळ.
टेप लावला. एक मीटर अडुसष्ट.

रकाना आठ : लाभार्थी लोकसंख्या.
दोनशे सत्याऐंशी.
चिंधू नान्हे खिडकीतून म्हणाला,
"शेळ्याही धर ना बापू,
त्या रात्री पयले त्याईलेच उचललं होतं."
शेळ्यांना रकाना नव्हता.

त्रेसष्ट घरं. एकशे नव्वद मीटर संरक्षक भिंत.
दोन कोटी चौदा लाख.

मग नागपूर, सिव्हिल लाइन्स,
जिथे झाडांनाही नंबर आहेत.
साहेबांचं बोट कॅल्क्युलेटरवर फिरलं.
"माणशी पाऊण लाख पडते, बाई. एवढ्यात तर..."
भला माणूस. वाक्य अर्धं सोडलं.
बाईंनी पुरं केलं :
"एवढ्यात नवं गाव येते, असंच ना जी?
मंग किती माणसं वाढवा लागतीन आमाले?
सांगा, आजपासून तयारीले लागतो."
चारी टेबलं हसली.
फाइल हलली नाही. चहा मात्र आला.
आवक क्रमांक चार हजार एकशे नऊ,
शेरा : पातळीचा फोटो अक्षांश-रेखांशासह जोडून
फेरसादर करावे.

गणेशपेठहून शेवटची एसटी.
बाईंच्या मांडीवर बर्डीतून घेतलेली नातवाची चप्पल,
एक माप मोठी.
कामठी गेल्यावर त्या एकदाच बोलल्या,
"पान्याले कोनी पुरावा मागत नाही."

सकाळी फोन घेऊन शाळेत गेलो
तर भिंत पांढरी.
नुसती पांढरी.
तितरमारे गुरुजी रिकामे डबे मोजत होते.
"आला ना निधी," म्हणाले,
खुशीत की शरमेत, कळेना.
"शाळा सुशोभीकरण. छत्तीस हजार.
मागितला नव्हता गा. मार्चच्या आत संपवा, असं पत्र आलं.
पाढे मंग लिहू, पेंटर लग्नाले गेला."

मी फोन धरून उभा राहिलो.
अक्षांश आले. रेखांश आले.
पूर आला नाही.

आत चौथीचा वर्ग बाराचा पाढा म्हणत होता.
बारा पंचे साठ,
आणि सगळा वर्ग थांबला.
"रोजच थांबतात," गुरुजी म्हणाले,
"त्या पावसापासून. रागावून पाहिलं, नाही जात."
पुढच्या बाकावरच्या रुणालीने
आधी दोन्ही पाय वर घेतले,
मग म्हणाली, बारा सक बाहत्तर.
उरलेला पाढा त्यांनी एका दमात म्हटला,
नाक धरून पाण्याखालून म्हणावा तसा.

फेरसादर करताना रकाना सातमध्ये
मी हे सगळं लिहू लागलो :
पुरावा, चौथीचा वर्ग, पट नऊ.
पोर्टल म्हणालं, फक्त अंक भरा.

मी बाहत्तर भरलं.
हिरवी खूण आली, अर्ज स्वीकारला.
बाहत्तर मीटर.

त्या दुपारी कन्हानला गुडघाभर पाणी होतं
आणि चिंधूच्या शेळ्या
पलीकडच्या काठावर चरत होत्या.